लेट झालेला भाऊ

शेजारचे दामगुडेकाका दारात आले की "आहे का घरात कुणी?" असं विचारत नसत. चपला काढत, आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "आलो. पंधरा-पाच." जातानाही तेच, "निघतो. सतरा-दहा." सुरुवातीला मला वाटायचं, हे मला सांगताहेत. मग कळलं की ती नोंद होती. लिहून घेणारं कुणी उरलं नव्हतं, तरी ती केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एसटीत त्यांनी तीसेक वर्षं काढली आणि त्यातली शेवटची बरीचशी स्टँडवरच्या केबिनमध्ये माईकपुढे. मारुती दामगुडे या नावाने भोरमध्ये त्यांना फारसं कुणी ओळखत नसे, कंट्रोलर म्हटलं की घर दाखवत. माणूस बुटका, शर्ट कायम पांढरा, खिशात एक लाल आणि एक निळं पेन. माईकची एक सवय मात्र निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. महत्त्वाचा शब्द ते दोनदा म्हणत. "बाजारात चाललोय, बाजारात. मेथी आनायची, मेथी." काकू आतून ओरडायच्या, "एकदा म्हनलं तरी कळतंय!"

त्यांच्या केबिनमधली एक गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. पावसाळ्यात एकदा रस्त्यावर दरड आली आणि वेल्ह्याकडची दुपारची गाडी जाणार नाही असं ठरलं. फलाटावर बाजारची गर्दी. सोबतचा माणूस हळूच म्हणाला, "लेट आहे म्हणून सांगा. तासाभरात आपोआप पांगतील." काकांनी माईक ओढला आणि गाडी रद्द असल्याचं दोनदा सांगितलं. मग जो गलका झाला तो विचारू नका. कुणी आईवरून शिव्या दिल्या, एकाने खिडकीच्या जाळीवर छत्री आपटली. काका शांतपणे ऐकून घेत बसले. दहा मिनिटांत निम्मी माणसं टेम्पो बघायला गेली, काहींनी नातेवाइकांकडे मुक्कामाचा फोन लावला. मी खिडकीशी होते. मला म्हणाले, "लेट म्हंजे येनार. रद्द म्हंजे न्हाई येनार. लेट म्हनलं की मानूस जागचा हालत न्हाई, मॅडम. उगा कुनाला बसवून ठिवू नये." हे ते पुढे वर्षानुवर्षं म्हणत राहिले, कशावरूनही, अगदी नळाच्या पाण्यावरूनसुद्धा.

मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. शिकवते म्हणायचं आपलं. दिवस जातो तो माहिती भरण्यात आणि गठ्ठे तपासण्यात. रविवारी दुपारी मी टीव्हीपुढे नुसती पडून असायची, काय चाललंय याकडे लक्ष न देता. अशाच एका रविवारी काका वाटी परत द्यायला आले आणि उभ्याउभ्या बघत राहिले. उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ देशातला पोलिसी सिनेमा होता. भाषा मलाही कळत नव्हती, खाली इंग्रजी ओळी येत होत्या. एक बाई फौजदार, एक बेट, आणि बेटावर एकेक माणूस नाहीसा होतोय. काका वाटी हातात घेऊन संपेपर्यंत बसले आणि म्हणाले, "हे हिला सांगायला पायजे."

हिला म्हणजे कमलकाकूंना. साखरेने त्यांची नजर गेली होती, सावल्या तेवढ्या दिसत. पायही साथ देईनात, म्हणून दिवसभर कॉटवर. मुलगा नोकरीसाठी लांब, मूल एकच. त्या दिवशी काकांनी पाचच्या चहाला तो सिनेमा काकूंना सांगितला आणि भिंतीपलीकडून मी ऐकला. सांगण्याची तऱ्हा अशी: "बाई चौदा-दहाला बंदरावर आली, बंदरावर. बोट सुटली चौदा-तीसला. बेटावर पोचाया दोन तास. सोळा-तीसला उतरती, तर मयताच्या घरात दिवा चालू." काकू मधेच विचारत, "तिनं जेवून घेतलं का पर?" काका म्हणत, "ते दावलं न्हाई."

मग ते दर रविवारी येऊ लागले. पहिला भाग आम्ही तीन वेळा पाहिला, पुढच्या वर्षी दुसरा आला तोही तसाच. काका जुनी मॅट्रिक पास. इंग्रजी सावकाश वाचत, म्हणून रिमोट माझ्या हातात आणि त्यांचा हात वर झाला की मी थांबवायचं. अडलेला शब्द विचारत. पण एक शब्द त्यांनी कधीच विचारला नाही, कारण तो त्यांना येत होता.

त्या बाईला एक भाऊ होता. तो पडद्यावर कधी दिसत नसे, पण बाई सारखी त्याचं नाव काढी. माझ्या लेट भावाने मला बोट चालवायला शिकवली, हा माझ्या लेट भावाचा कोट. काकांनी ते वाचलं आणि मान डोलावली. संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "भाऊ लेट हाय तिचा. अजून पोचला न्हाई, पर येनार." काकू म्हणाल्या, "कोट न नेताच गेला व्हय? तिकडं तर बर्फ."

मला हसू फुटलं. तोंडावर उशी दाबून हसले. दुसऱ्या दिवशी ते मी स्टाफरूममध्ये सांगितलं आणि सगळे हसले. खरं तर तीन-चार वेळा तरी सांगितलं असेन, प्रत्येक वेळी थोडं रंगवून. आमच्या त्या स्टाफरूममध्ये हसण्यासारखं फार काही घडत नाही. काकांना मात्र सांगितलं नाही. आज सांगू, पुढच्या रविवारी सांगू. मी दमलेली असायची. आणि दुसऱ्याची चूक सुधारायचा मला आठवडाभरात इतका वीट आलेला असे की रविवारी एक चूक तशीच राहू द्यावी असं वाटे.

ती चूक कुठे जाऊन रुतते आहे, हे कळायला मला वेळ लागला. काकूंचं माहेर वेल्ह्याच्या अलीकडचं, डोंगराच्या पायथ्याला. ज्ञानू हा एकुलता भाऊ, पाठचा. पुण्याची माणसं बंगल्यांसाठी जागा बघत तिकडे फिरू लागली तेव्हा ज्ञानूमामाही भाताचं खाचर विकायला निघाला आणि बहिणीकडे हक्कसोडीची सही मागायला आला. काकूंनी सही दिली नाही. त्यांना वाटा नको होता. बापाने दगड वेचून केलेलं खाचर विकायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मामा पाणी न पिता उठून गेला. त्यानंतर नऊ भाऊबीजा गेल्या, तो आला नाही. काकू हे मला रडून सांगत नसत, भाजी निवडता निवडता सांगत.

आणि मग सिनेमातला भाऊ. "दुसऱ्यात न्हाई आला, तर तिसऱ्यात येनारच की," काकू म्हणायच्या. "शेवटच्या भागात समदी येत्यात. ती बाई काय बोलंल त्याला? भांडंल का वं?" एकदा मला जवळ बसवून म्हणाल्या, "मॅडम, तो आला ना, की ती पयलं काय बोलती ते मला नीट शब्दाला शब्द सांगा. ह्यास्नी बायांचं बोलनं जमत न्हाई सांगायला." मी हो म्हटलं. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. त्यांना भावाशी पहिलं काय बोलायचं ते शिकायचं होतं, इतकं मला दिसत होतं. दिसूनही गप्प बसले.

तिसरा भाग यायला दीड वर्ष लागलं. गेल्या उन्हाळ्यात तो आला. काका रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले, "आलो. चौदा-शून्य शून्य," आणि खुर्ची पुढे ओढून बसले. पहिल्या अर्ध्या तासातच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "थांबवा. बाई बंदरावरनं निघाली कवा?"

"आत्ताच, काका."

"आन् बेटावर पोचली? दोन तासांचा टप्पा, दोन तासांचा. दोन भाग बोटीनं दोन तास लागत हुतं. आता काय पाच मिन्टात?" मी म्हटलं, दाखवलं नसेल. "मागच्या दोन्ही भागांत दावलं ते? आन् मागं सारखं तिच्या संगं असायचं ते कुत्रं कुठं गेलं?"

कुत्रं कुठेच नव्हतं. दोन भाग जपून विणलेलं सगळं त्या तिसऱ्यात कुणी तरी कंटाळून गाठ मारून टाकलं होतं. गुन्हेगार निघाला तो आधी कधी न दिसलेला एक बंदराचा साहेब. त्याने सगळं आपणहून कबूल केलं, तेही बसल्या जागी, पाठ केलेल्या भाषणासारखं. पैसेवाल्यांनी तिसरा भाग काढायला लावला म्हणून काढला, असा सगळा मामला. मला दर परीक्षेला शेवटच्या पाच मिनिटांत खरडलेले निबंध वाचायची सवय आहे. हे तसंच होतं. काका मात्र ताठ बसून होते. त्यांना गुन्हेगाराशी देणंघेणं नव्हतं. ते भावाची वाट बघत होते.

शेवटची दोन मिनिटं उरली. बाई बर्फातून चालत एका दफनभूमीत गेली, एका दगडावरचं बर्फ तिने हाताने पुसलं आणि तिथेच बसली. नावं वर सरकू लागली. काकांचा हात वर झाला.

"हे कोन?"

"तिचा भाऊ."

"ह्या भागात वारला?"

आता टाळायला जागा नव्हती. "नाही काका. पहिल्या भागाच्या आधीच वारलेला होता."

"आन् मग लेट लेट काय म्हनत हुती?"

"इंग्रजीत गेलेल्या माणसाला लेट म्हणतात. आपण कैलासवासी म्हणतो, तसं."

काकांनी चष्मा काढला. "रद्द झालेल्याला लेट म्हनत्यात?"

"हो."

"कसली भाषा म्हनायची ही," ते म्हणाले. थोडा वेळ पडद्यावरची नावं बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमाला ठावं हुतं."

मी हो म्हटलं. कधीपासून, ते त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं, पहिल्यापासून. ते उठले. त्यांना रागावता येत नसे, शिव्या खाऊन खाऊन ते विसरले असावेत. दारात चपला घालताना एवढंच म्हणाले, "माईक तुमच्याकडं हुता, मॅडम."

त्या दिवशी त्यांनी निघण्याची वेळ सांगितली नाही.

अर्धा तास मी नुसती बसून राहिले आणि मग शेजारी गेले. मला वाटत होतं, काकूंसाठी ते काही तरी जुळवून सांगतील, भाऊ आला, कोट घातला, दोघं बोटीतून गेली. मी असते तर तेच केलं असतं, आणि वर स्वतःला भली म्हणवून घेतलं असतं. काका कॉटच्या कडेला बसले होते. चहा झाला होता. ते सांगत होते, "भाऊ पहिल्या भागाच्या आधीच वारलेला हाय. वारलेला. माझी वाचायची चूक झाली. तो येनार न्हवताच."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हंजे तीन वर्सं म्या मेलेल्याची वाट बगत हुते?"

"व्हय."

"आन् तुमी बगू दिली!"

"मला ठावं न्हवतं, कमल." काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मी दारात उभी होते, काकूंना मी आल्याचं कळलंही नव्हतं. मीच पुढे होऊन म्हटलं, "काकू, मला माहीत होतं. मी सांगितलं नाही." त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. माझ्यावर चिडायला त्यांना वेळ नव्हता.

"माझा ज्ञानू?" त्या काकांना म्हणाल्या. "त्यो तर जिता हाय न्हवं?"

"हाय की."

"मग म्या का बसून ऱ्हायलेय? मला न्या."

पुढच्या रविवारी सकाळी काका दारात आले, "आलो. नऊ-शून्य शून्य. तुमची गाडी मिळंल का?" त्यांनी मला माफ केलं होतं की दुसरी गाडी नव्हती, ते मला आजही सांगता येणार नाही. काकूंना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. कापूरहोळला काका म्हणाले, "कापूरहोळ." नसरापूरला, "नसरापूर." मार्गासनी आली तेव्हा काकूच म्हणाल्या, "आता सांगू नका. मला वास येतोय."

ज्ञानूमामा अंगणात बसला होता. बहिणीच्या मानाने बराच थकलेला, हातात काठी. गाडीतून काकूंना आम्ही दोघांनी धरून उतरवलं, तरी तो उठला नाही. जवळ गेल्यावर पहिलं वाक्य बोलला ते असं: "सही करायला आलीस व्हय?"

मला परत फिरावंसं वाटलं. काकू म्हणाल्या, "न्हाई. तुला बगायला आले." आणि हात पुढे केला. तो हात कुठे न्यायचा ते मामाला कळेना. शेवटी त्याची बायको पुढे झाली आणि तिने काकूंना चटईवर बसवलं. चहा आला. भाताचं कसं, गुडघ्याचं कसं, एवढंच बोलणं झालं. खाचर विकलेलं नव्हतं, नुसतं गवत माजलं होतं. काकू निघताना म्हणाल्या, "माजं पुन्यांदा येनं व्हायचं न्हाई, ज्ञानू." मामाने मान खाली घातली. गाडीपर्यंत आला नाही.

परतताना मनातून मी चिडले होते, मामावर आणि स्वतःवरही. काकांनी मागे वळून विचारलं, "कसं झालं गं?"

"त्या पिच्चरवानीच," काकू म्हणाल्या. "शेवट काय जमला न्हाई." आणि थोड्या वेळाने, "पर कळला." मग त्यांना झोप लागली. घरापर्यंत काका एकाही गावाचं नाव न घेता बसून राहिले.

त्यानंतर काका माझ्याकडे सिनेमा बघायला आले नाहीत, पण वाटी द्यायला, भाजी द्यायला येत राहिले, वेळ सांगून. काकूंची सगळे काळजी करत होते. दिवाळीनंतर एका सकाळी दाढी करताना काकांच्याच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. इतका नेमका माणूस, पण कुणाला पूर्वसूचना दिली नाही. मुलगा आला, स्टँडवरची जुनी माणसं आली. मी काकूंजवळ बसून होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "दाढी पुरी झाली हुती का?" मी खरं सांगितलं, "अर्धीच झाली होती." त्यांनी मान हलवली. मुलाने नंतर राहिलेली दाढी केली.

दहाव्याला दुपारी दारात रिक्षा थांबली. काठी टेकत एक म्हातारा उतरला, काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं. बहिणीच्या दुःखात माहेरचं लुगडं घेऊन यायचं असतं, ते घेऊन ज्ञानूमामा आला होता. सोबत कुणी नव्हतं, वेल्ह्याकडून दोन एसट्या बदलून आला होता. तो कॉटपाशी गेला आणि त्याने लुगडं बहिणीच्या मांडीवर ठेवलं. काकूंनी आधी कापड चाचपलं, मग त्याचा हात धरला, मग मनगटापासून वर कोपरापर्यंत चाचपत गेल्या.

"ज्ञानू?"

"व्हय, आक्के." आणि तो तिथेच खाली बसला. काठी पडली तीही त्याने उचलली नाही. सहीचं नाव त्याने काढलं नाही.

काकू त्याचं डोकं थोपटत राहिल्या. मग माझ्या दिशेला वळल्या. मी तिथे आहे हे त्यांना कसं कळत असे देव जाणे.

"मॅडम, भाऊ आला माजा," त्या म्हणाल्या. "आता हे त्यास्नी कोन सांगंल?"